बोळातला सेक्रेटरी

मी भाकरी थापत होते आणि खिडकीतून फळी आत आली.

चांगली रुंद, कडुलिंबाची फळी. आधी टोक आलं, मग हळूहळू बाकीची. चुलीवरून सरकली, पिठाच्या डब्यावरून सरकली, माझ्या कानाला वारा घालून गेली आणि समोरच्या फडताळाला धडकायच्या जरा अलीकडं थांबली. बाहेर बोळातून आवाज आला, "वैनी, तेवढं टोक धरा. खाली वाकू देऊ नका. काप वाकडा येतो."

माझे दोन्ही हात पिठात. तव्यावर भाकरी फुगायला लागलेली.

"भावजी, डोकं फिरलंय का तुमचं? माझं सैपाकघर हाय हे!"

"माहीत हाय की. म्हणून तर मशीन बंद ठेवलंय. तुमी धरलं की चालू करतो."

बघा, म्हणजे मशीन बंद ठेवलं हे वर माझ्यावर उपकार! मी पिठाच्या हातानं फळीला असा धक्का दिला की पलीकडं सेक्रेटरी फळीसकट मागं गेला असणार, कारण काहीतरी धडपडल्याचा आवाज आला. भाकरी करपली ती करपलीच. ती मी त्याच खिडकीतून त्याला दिली आणि सांगितलं, ही तुमच्या नावावर.

त्यानं ती खाल्ली. वरून तेल मागितलं.

हा आमचा शेजारी. नाव भानुदास, पण त्या नावानं हाक मारणारी माणसं आता गावात फार उरली नाहीत. सगळा गाव त्याला सेक्रेटरी म्हणतो. आमच्या गावच्या दूध संस्थेचा तो पुष्कळ वर्षं सेक्रेटरी होता. सकाळ-संध्याकाळ संस्थेच्या दारात किटल्या घेऊन रांग लागायची. हा टेबलामागं बसून दूध मोजायचा, फॅट बघायचा आणि प्रत्येकीशी भांडायचा. "बाई, दुधात पाणी हाय." "पाणी प्यायला न्हाई, दुधात कुठून घालू?" असं रोज चालायचं. मग लागोपाठ पाऊस पडला नाही. जनावरं चौसाळ्याकडच्या चारा छावणीत गेली, आणि छावणीतून बरीचशी बाजारात गेली. गावात दूध राहिलं नाही तर संस्था कशाला राहील? दाराला कुलूप लागलं. सेक्रेटरी घरी बसला.

घरी बसला तो बसला असता तर मला काही म्हणायचं नव्हतं. पण ह्या माणसाला घरी बसायची सवय नाही. बायको तर आधीच गेलेली. मुलगा पुण्याला. तो बापाला घेऊन गेला. तिथं ह्यानं सुनेचं जेवायचं टेबल भिंतीला बिजागऱ्या लावून उभं केलं, जागा वाचते म्हणून. पाहुणे आले, टेबल पाडलं, त्यावर ताटं मांडली, आणि टेबल आपोआप मिटलं. ताटांसकट. पुढच्याच एसटीनं सेक्रेटरी नेकनूरला उतरून गावात हजर. मी विचारलं, "कावून आलात इतक्या लवकर?" तर म्हणतो, "तिथं जागेचं महत्त्व कळत न्हाई लोकांना."

येताना एक करवतीचं मशीन घेऊन आला. गोल पात्याचं, लाईटवर चालणारं. मोबाईलवर कुठल्यातरी परदेशातल्या म्हाताऱ्याला लाकूड कापताना बघितलं होतं ह्यानं. त्या म्हाताऱ्याची खोली लहान, पण त्यात सगळं घडीचं. भिंतीवरून टेबल उतरतं, टेबलाखालून मशीन सरकत बाहेर येतं, काम झालं की सगळं पुन्हा भिंतीत. सेक्रेटरीला ते इतकं आवडलं की मला धरून दाखवलं. मी म्हटलं, "त्यो म्हातारा करतो काय त्या लाकडाचं?" तर सेक्रेटरी म्हणाला, "ते न्हाई दाखवलं. पण जागा बघा किती वाचली."

हे त्याचं पालुपद. जागा वाचते. दिवसातून इतक्या वेळा म्हणायचा की मला वाटायचं, ही वाचलेली जागा हा ठेवतो तरी कुठं?

आता कुणीही शहाणा माणूस म्हणेल, लाकडाचा छंद आहे ना, मग करावा आपल्या जागेत. ह्याला जागा नव्हती असं नाही. गावाबाहेर लिंबागणेशच्या रस्त्याला ह्याचा मोठा गोठा आहे. दगडी भिंती, वर पत्रा, लाईटची जोडणी. जनावरं गेल्यापासून रिकामा. त्यात चार सुतार शेजारी बसून कामं करतील. पण नाही. सेक्रेटरीनं कारखाना काढला कुठं? तर त्याच्या घराच्या आणि माझ्या घराच्या मधल्या बोळात!

ह्या बोळात समोरून माणूस आला तर एकानं भिंतीला पाठ लावावी लागते. त्यातून तो मधेच कोपरासारखा वळतो, आणि वळणावर बरोबर समोर माझी खिडकी. तिला गज नाहीत, नुसती झडप. सरळ बोळ संपतो तिथं माझं सैपाकघर सुरू होतं. आणि सेक्रेटरीचं म्हणणं असं, की फळी कापायची तर फळीएवढी जागा करवतीच्या अलीकडं पाहिजे आणि फळीएवढी पलीकडं. "अलीकडची जागा माझी, वैनी. पलीकडची तुमची. म्हणजे दोघांवर सारखाच भार."

तरी बोळ नुसता आम्हा दोघांचा असता तर मी एकटीनं त्याला बघून घेतलं असतं. पण बोळाच्या त्या टोकाला आड आहे. दुष्काळाच्या वर्षी त्या आडाला स्वतःचं पाणी नसतं. टँकर येतो, आडात पाणी ओततो, आणि ज्याचा पोहरा आधी पडेल त्याचं पाणी. आमच्या गल्लीला आडाकडं जायला ही एकच जवळची वाट. दुसऱ्या वाटेनं गेलं तर मारुतीच्या देवळाला वळसा, आणि वळसा घालून जाईपर्यंत तिकडच्या गल्लीच्या बाया आड कोरडा करतात. म्हणजे ह्याच्या फळ्यांमागं आमचं पिण्याचं पाणी अडकलेलं. हे त्याला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं.

त्यानं बोळ घेतला कसा, तेही ऐका.

एक दिवस दुपारी दारात येऊन उभा राहिला. स्वच्छ सदरा, खिशाला पेन. "वैनी, आज चार वाजता सभा हाय. बोळात. विषय क्रमांक एक, भिंतीला बिजागऱ्या लावण्यास मंजुरी देण्याबाबत. विषय क्रमांक दोन, अध्यक्षांच्या परवानगीनं आयत्या वेळी येणारे विषय."

"कसली सभा? सभासद कोण?"

"बोळाला भिंती दोन. एक तुमची, एक माझी. म्हणून सभासद दोन. तुमी आन् मी."

मी म्हटलं, मला कामं आहेत. आणि दार लावून जरा आडवी झाले. उठले ती भिंतीच्या थरथराटानं. काय होतंय म्हणून बघते, तर माझ्या मिठाच्या बरणीच्या मागून, भिंतीतून, फिरतं लोखंड बाहेर येतंय! बरणी नाचत नाचत कडेला आली. मी ती धरली आणि तशीच बाहेर पळाले. सेक्रेटरी माझ्या भिंतीला भोकं पाडत होता, आणि जमिनीवर माझ्या दारापेक्षा मोठं टेबल पडलं होतं, बिजागऱ्या लावून तयार.

"कुणाला विचारून?"

"ठराव झालाय, वैनी. चारला तुमी आला न्हाईत. गणपूर्ती झाली न्हाई. सभा तहकूब केली. नियम असा हाय, की तहकूब सभा अर्ध्या तासानं त्याच जागी भरवायची, आन् त्या सभेला गणपूर्तीची गरज नसते. मी अर्धा तास थांबलो. उन्हात थांबलो. मग सभा घेतली."

"एकट्यानं?"

"एकट्यानं. मीच सूचक, मीच अनुमोदक. विरोधात कुणी न्हाई. ठराव एकमतानं मंजूर."

मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. गणपूर्ती हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकला, आणि माझी भिंत फुटल्यावर ऐकला. मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो सगळं शांतपणे ऐकून घेत होता, मधेमधे स्क्रू पिळत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "नोंद घेतली."

तर असं ते टेबल बसलं. मग दुसरं आलं. त्याच्या जिन्याखालून मशीन सरकत बाहेर यायला फळ्यांची गाडी आली. मग फळीचं टोक पेलायला, दुधाच्या जुन्या कॅनवर बसवलेला लाकडी रूळ आला. मग बारीक काप घ्यायला एक लहान टेबल, मोठ्या टेबलाच्या पोटातून उघडणारं. मग त्या लहान टेबलाचा पाय, तोही घडीचा. आडाकडं जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक बाईला थांबवून हा दाखवायचा. "हे बघा, असं उचललं की पाय आपोआप खाली. असं दाबलं की आत. जागा वाचली का न्हाई?" बाई डोक्यावर हंडा घेऊन उभी. ती म्हणायची, "वाचली, वाचली, आता मला जाऊ द्या." मग हा घडी घालायचा आणि ती जायची. दुसरी येईपर्यंत टेबल पुन्हा उघडं.

आणि ह्या सगळ्यातून झालं काय? काही नाही. खरं सांगते, ह्या माणसानं त्या कारखान्यात वर्षभरात एक वस्तू केली नाही. पाट नाही, चौरंग नाही, साधी रवी नाही. फळी आणायचा, कापायचा, आणि त्या फळीची आणखी एक कापायची जागा करायचा. मी एकदा म्हटलं, "भावजी, मला बसायला एक पाट तरी करून द्या." तर विचार करून म्हणाला, "करू की. पण आधी पाट कापायची जागा तयार होऊ द्या."

शेवंता म्हणायची, "मामी, ह्यांनी ताट करायचं, वाटी करायची, चूल करायची, आन् सैपाक करायचाच न्हाई, तशातली गत हाय ही."

ही शेवंता आमच्या गल्लीतली. तोंडानं तिखट, पायानं चपळ. नवरा उसाच्या गाडीवर गेलेला, दोन लहान पोरं आणि सासरा घरात, म्हणून ती मागं राहिलेली. दिवाळीनंतर आमच्या गल्लीत असंच असतं. हातीपायी धड असलेली माणसं कोयते घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यांवर जातात. माझा लेक आणि सूनही जातात. मागं राहतो आम्ही म्हातारे, लेकुरवाळ्या बाया आणि कुलपं. त्या वर्षी तर कुलपंच जास्त होती.

आता मुख्य गोष्ट. सेक्रेटरीची करवत लाईटवर चालते. आणि टँकर जिथं भरतो तिथली मोटारही लाईटवरच चालते. लाईट आली की तिकडं टँकर भरायला लागायचा, इकडं सेक्रेटरी एकेक टेबल उघडायला लागायचा. तिकडं टँकर भरून गावात शिरायचा, आणि इकडं ह्याची फळी बरोबर अर्धी कापून झालेली असायची. दुसऱ्या कुठल्या वेळी जमतच नाही, लाईटच नाही. आम्ही पहिल्यापासून त्याला सांगत होतो. तो म्हणायचा, "टँकर दिसला की घडी घालतो. किती वेळ लागतो घडीला?"

किती वेळ लागतो ते आम्हाला होळीच्या आधी कळलं.

त्या दिवशी टँकर बऱ्याच दिवसांनी आला. घरोघरी रांजण खडखडीत. वेशीजवळ भोंगा वाजला तशा आम्ही सगळ्या हंडे-कळश्या घेऊन बोळाकडं धावलो. बोळात सगळं पसरलेलं. मोठं टेबल उघडं, लहान टेबल उघडं, जिन्याखालची गाडी बाहेर, कॅनवरचा रूळ मधे उभा, आणि ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आवळून बसवलेली एक जाड फळी.

"सेक्रेटरी, उचला हे!" शेवंता ओरडली.

"उचलतो, उचलतो. कुणी हात लावू नका. क्रमानं जायचं. आधी रूळ, मग फळी, मग मशीन, मग लहान टेबल, मग मोठं. उलटं केलं तर बिजागरी तुटंल."

"तुमची बिजागरी गेली खड्ड्यात! तिकडं पाणी पडायला लागलंय!"

पडायलाच लागलं होतं. आडात पाणी पडल्याचा धबधब आवाज आम्हाला ऐकू येत होता. मागच्या बाया पुढच्यांना रेटायला लागल्या. हंड्यावर हंडे आपटायला लागले. सेक्रेटरीनं रूळ काढला. फळीचा शिकंजा काही सुटेना. त्यानं इतका घट्ट पिळला होता की त्यालाच उलटा फिरवता येईना. शेवंता खाली बसली आणि हंडा पुढं ढकलत टेबलाखालून सरपटायला लागली. अर्ध्यात हंडा टेबलाच्या घडीच्या पायात अडकला. तो पाय आपोआप मिटणारा. तो मिटला. टेबल खाली बसलं, शेवंताच्या पाठीवर.

"मामी, मेले गं मी!"

आम्ही चौघी-पाचजणींनी टेबल उचलून धरलं आणि सेक्रेटरीला शिव्या दिल्या. सेक्रेटरी म्हणत होता, "धरा, असंच धरा, आता क्रम चुकलाच हाय तर पहिल्यापासून घेऊ."

आम्ही आडापाशी पोचलो तेव्हा तिकडच्या गल्लीच्या बाया भरलेले हंडे डोक्यावर घेऊन परत निघाल्या होत्या. आडाच्या तळाला गाळ होता. शेवंतानं पोहरा सोडून तोच काढला. परत आली ती सेक्रेटरीसमोर कळशी आदळली. "घ्या. तुमच्या बिजागरीला पाजा. माझ्या पोरांना काय, तुमची फळी चोखायला देते."

सेक्रेटरीनं कळशी उचलून कडेला ठेवली. मग म्हणाला, "लाईट आन् टँकर एकाच वेळेला येतात, ही व्यवस्थेतली तूट हाय. पुढच्या सभेत विषय घेऊ."

हे ऐकून माझं टाळकं सरकलं. मी म्हटलं, "पुढची सभा कशाला? सभा आजच. चार वाजता. बोळात. विषय क्रमांक एक, कारखाना गोठ्यात हलवण्याबाबत. विषय क्रमांक दोन न्हाई."

सेक्रेटरी हसला. चार वाजता तो घरात जाऊन बसला आणि कडी लावली. त्याचा हिशेब सरळ होता. सभासद दोन. एक आला नाही की गणपूर्ती नाही, गणपूर्ती नाही की सभा नाही. पण ज्या खुंटीवर त्यानं मला टांगलं होतं ती मी विसरले नव्हते. बोळात सगळ्या गल्लीच्या बाया जमल्या होत्या. मी मोठ्यानं म्हटलं, "गणपूर्ती न्हाई. सभा तहकूब." आणि आम्ही तिथंच भिंतीला टेकून बसलो. शेवंताच्या सासऱ्याकडं घड्याळ होतं, ते तिनं आणलं होतं. अर्धा तास झाला. मी उठले.

"तहकूब सभा त्याच जागी भरली हाय. कारखाना गोठ्यात न्यायचा. मीच सूचक, मीच अनुमोदक. विरोधात कुणी हाय का?"

"न्हाई!" सगळ्या बायांनी गजर केला.

कडी निघाली. सेक्रेटरी दारात आला. मला वाटलं, आता हा भांडणार. भांडायची माझी पूर्ण तयारी होती. पण त्यानं एवढंच विचारलं, "अर्धा तास पुरा थांबलात?"

"घड्याळ लावून थांबलो."

"त्याच जागी?"

"जागेवरून हाललो न्हाई."

त्यानं मान हलवली. "मग नियमात बसतंय." आणि आत जाऊन पेचकस घेऊन आला.

त्याच संध्याकाळी त्यानं सगळं उतरवलं. कुणाला हात लावू दिला नाही. बिजागऱ्या एका डब्यात, स्क्रू एका डब्यात. दुसऱ्या दिवशी हातगाडीवर घालून गोठ्यात नेलं. शेवंता आणि मी मागून गाडी ढकलायला गेलो, ते मदत म्हणून नाही, लवकर जावं म्हणून.

बोळ मोकळा झाला. पुढच्या टँकरला आम्ही सगळ्यांच्या आधी आडावर. रांजण भरले, पोरं पोटभर पाणी प्याली. बाया बोळातून सरळ जायच्या आणि सरळ यायच्या. थांबायचं कारणच नाही. माझ्या भाकरी करपायच्या बंद झाल्या. दुपारी कुणी भिंत हलवेना. सेक्रेटरी सकाळी गोठ्यात जायचा तो दिवस मावळताना यायचा, आणि दार लावून घ्यायचा. सगळं जसं पाहिजे तसं झालं होतं.

फक्त एक. माझ्या भिंतीची भोकं त्यानं तशीच ठेवली होती. टेबल काढून नेलं आणि भोकं मला ठेवली! त्यातून मुंग्या यायला लागल्या. मी दोन-तीनदा चिखलानं बुजवली, तर वाळून पडली. एक दिवस मुंग्या माझ्या गुळाच्या डब्यात शिरल्या, आणि मी उठलेच. म्हटलं, आज जाऊन ह्याला त्याच्या गोठ्यात सुनावते. गुडघे दुखतात माझे, पण राग असला की मी चालते.

लिंबागणेशच्या रस्त्यानं गेले. दोन्ही बाजूंनी रानं उघडी पडलेली, मातीची ढेकळं, माणूस दिसायला तयार नाही. गोठ्याचं दार सताड उघडं. आत पाऊल टाकलं आणि माझी शिवी तोंडात राहिली.

एवढा मोठा गोठा. मधे पूर्ण मोकळी जागा. आणि सेक्रेटरीनं सगळा पसारा एका भिंतीला चिकटवून मांडलेला. जमिनीवर फक्कीच्या दोन पांढऱ्या रेघा ओढलेल्या. बोळ जेवढा रुंद, तेवढ्याच अंतरावर. टेबलं, गाडी, रूळ, सगळं त्या दोन रेघांच्या आत. आणि हा त्या रेघांच्या मधे, अंग चोरून, तिरका उभा राहून फळीवर खूण करत होता.

"भावजी, हे काय मांडलंय?"

तो दचकला. "वैनी? या, या. ह्यो बोळ हाय."

"बोळ कशाला पाहिजे इथं? एवढी जागा पडलीय, पसरा की मोकळं!"

"पसरून बघितलं." त्यानं पेन्सिल कानावर ठेवली. "पहिल्यांदा सगळं मोकळंच मांडलं होतं. पण कसं हाय वैनी, इथं टेबल उघडलं की उघडंच राहतं. मिटा म्हणायला कुणी येत न्हाई."

आणि फळीवरचा भुसा हातानं झाडायला लागला. भुसा नव्हताच फारसा. फळी कापलेलीच नव्हती.

बोळात परत या म्हणणं शक्य नव्हतं. पाणी पाणी आहे, आणि ठराव ठराव आहे. भिंतीच्या भोकांचं बोलायला आले होते, तेही मग बोलले नाही. मी गोठ्यात इकडंतिकडं बघितलं. बसायला जागा म्हणाल तर गव्हाणीचा कठडा होता, दारात चांगला सपाट दगड होता. मी त्या दोन पांढऱ्या रेघांच्या मधे गेले आणि बरोबर रुळाच्या पुढं, जिथून फळीचं टोक निघणार तिथं, फतकल मारून बसले.

"वैनी, तिथं नका बसू."

"कावून?"

"फळी यायची हाय तिकडून. लाईट हाय तोवर कापून घेतो."

"गुडघे दुखतात माझे. एकदा बसले ती बसले."

"आवो, सगळा गोठा रिकामा हाय! तिकडं बसा, दगडावर बसा!"

"मला इथंच बरं वाटतं."

"मग मला टेबल मिटावं लागंल."

"मिटा की."

"क्रमानं मिटावं लागतं वैनी, तुमाला ठाव हाय. आधी रूळ, मग फळी. आत्ता कुठं सगळं नीट लावलं होतं. ही काय पद्धत झाली? माणसानं काम करायचं कसं?"

त्याचा आवाज चढला. हात हालवायला लागला. रूळ उचलला, फळी काढली, लहान टेबल मिटलं, मोठं टेबल भिंतीला लावलं, आणि प्रत्येक घडीला माझ्या नावानं बोटं मोडत होता. मी कनवटीची मिश्रीची डबी काढली, तळहातावर चिमूट घेतली आणि सावकाश दातांना लावायला लागले. मिश्रीला माझा वेळ फार जातो.

लाईट गेली. आता मशीन चालायचा प्रश्नच नव्हता. तरी सेक्रेटरी माझ्यासमोर उभा राहून तक्रार करतच होता, आणि मी उठले नव्हते.